एंदो-सानांचा सदरा

जपानमधल्या सेंदाईत सॉफ्टवेअरची नोकरी करणाऱ्या अंबरीषने हौसेने रानडुकरांसाठी सापळे लावायचा परवाना काढला होता. माणसाचा वास लागला की डुक्कर फिरकत नाही म्हणे, म्हणून त्याने वास मारणारा स्प्रे आणला, बिनवासाचा साबण आणला, शनिवारची हिंगाची फोडणीसुद्धा बंद केली. दोन वर्षं झाली, सापळा रिकामाच.

डोंगरातल्या गावात त्याला हे काम शिकवणारे एंदो-सान त्र्याऐंशी वर्षांचे. शेवटी वैतागून त्याने त्यांनाच विचारलं, "या स्प्रेचा काही उपयोग होतो का हो?"

एंदो-सानांनी रताळ्याच्या वाफ्याकडे बोट दाखवलं. कडेच्या काठीवर त्यांचा घामाने आंबलेला सदरा टांगला होता. "माझ्या वासाने डुकरं लांब राहावीत म्हणून लावलाय."

सदऱ्याखालचा सगळा वाफा उकरलेला होता.

"चाळीस घरं होती तेव्हा या वासाची जरब होती. आता मी एकटा. अख्खं गाव त्यांना मोकळं आहे, तुझ्या सापळ्यातला कोंडा खायला ती कशाला येतील?"

परतताना भर दुपारी रस्त्यात डुक्कर आडवं आलं. अंबरीष जागीच थांबला. डुकराने नाक वर करून त्याला हुंगलं आणि बंद पडलेल्या शाळेच्या फाटकातून ते निवांत आत गेलं.