मावशीने गाळलेलं वाक्य

विमानतळाबाहेरच्या टॅक्सी स्टँडवर तिला सगळे मावशीच म्हणत. सामानाच्या ढकलगाड्यांची रांग जिथे संपते, तिथे तिची खिडकी. काचेला मधोमध गोल भोक, भोकाखाली फळी, फळीला दोरीने बांधलेलं पेन, आणि पलीकडे चष्मा कपाळावर चढवून बसलेली मावशी. खिडकीवर पाटी होती 'प्रवासी तक्रार'. पण तिथे तक्रार नोंदवून गेलेला माणूस विरळा. बहुतेक सगळे यायचे भांडत आणि जायचे हात मिळवून.

ही कला ती नोकरीत शिकली नव्हती. लहानपणी तिचे आईवडील चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. घर दोन खोल्यांचं, आणि मधल्या दारात ही. वडील म्हणायचे, "सांग तुझ्या आईला, आमटीत मीठ घालायचं विसरली की घरातलं मीठच संपलं?" ती स्वयंपाकघरात जाऊन म्हणायची, "आई, बाबांना थोडं मीठ हवंय." आई म्हणायची, "म्हणावं, हात आहेत ना? घ्या!" ती बाहेर येऊन सांगायची, "आणतेय म्हणाली." आणि मीठ स्वतःच नेऊन द्यायची. पुढे एका परदेशी कुटुंबाकडे सहा वर्षं मुलं सांभाळली, तिथे त्यांची भाषा जिभेवर बसली. जीभ मात्र आधीच तयार होती.

खिडकीवर रोज तेच चालायचं. लांबू नावाचा ताडमाड ड्रायव्हर एका घामाघूम परदेशी पाहुण्याला घेऊन यायचा.

"हा माणूस चोर आहे!" पाहुणा त्याच भाषेत गरजायचा. "याच्या मीटरला पंख फुटलेत!"

मावशी लांबूकडे वळायची. "पाहुणे म्हणतायत, मीटर जरा जलद वाटला."

"जलद? अगं मावशी, पूल खणून ठेवलाय, वळसा कोण घालणार, याचा बाप?"

मावशी पाहुण्याकडे वळायची. "ते म्हणतात, पुलाचं काम चालू आहे, वळसा घ्यावा लागला. आधी सांगायला हवं होतं, चुकलंच."

"चुकलं म्हणतो? असं म्हणतो तो?" पाहुण्याचा आवाज खाली यायचा. "मग ठीक आहे. मला फक्त तेवढंच ऐकायचं होतं."

"काय म्हणतोय?" लांबू विचारायचा.

"म्हणतायत, तू गाडी छान चालवतोस."

"हां, मग!"

घरी ती हे किस्से लेकीला सांगायची, तेव्हा लेक हसून हसून लोळायची. एकदा मात्र हसता हसता म्हणाली, "आई, तू निरोप पोचवत नाहीस. तू निरोप शिजवून वाढतेस."

"लोकांची पोटं भरतात ना?" मावशी म्हणाली.

खिडकीच्या खणात दोन प्रकारचे फॉर्म असत. पांढरा भाड्यासाठी. लाल, प्रवाशाला धोका वाटला असेल तर. लाल फॉर्म भरला की तो थेट पोलिसांकडे, आणि गाडी तिथल्या तिथे उभी. तपासणी झाल्याशिवाय चाक फिरायचं नाही. अकरा वर्षांत मावशीने लाल फॉर्म चारदाच भरला होता. साहेब लोकांना याचं फार कौतुक. तिलाही होतं, कशाला खोटं बोला.

*

त्या दिवशी दुपारी एक परदेशी बाई आली. चाळिशीची, डोक्यावर कडेला शिवण उसवलेली कापडी टोपी, दोन्ही हातांनी पर्स छातीशी धरलेली. मागून साखऱ्या.

साखऱ्या म्हणजे स्टँडवरचा सगळ्यात गोडबोल्या ड्रायव्हर. मावशीचा नवरा दवाखान्यात होता ते एकवीस दिवस, साखऱ्याने तिला रोज संध्याकाळी तिथे सोडलं होतं. पैसे घ्यायला तयार नाही. "मावशी, भाच्याकडून हिशेब मागतेस?" म्हणायचा. ती पुढे त्याच्या शेजारी बसायची, आणि तो इकडचं तिकडचं बोलून तिला रडू द्यायचा नाही. नवरा गेला त्या दिवशी मात्र तो काहीच बोलला नव्हता. गाडी बाजूला घेऊन नुसता बसून राहिला होता. ती ते विसरली नव्हती.

टोपीवाल्या बाईच्या विमानाला दोन तास होते. वहीत नाव-पत्ता लिहून ती हळू आवाजात, शाळेत शिकवतात तशी एकेक वाक्य वेगळं करून बोलली.

"याने लांबचा रस्ता घेतला. ठरल्यापेक्षा दुप्पट मागितले. मी नाही म्हटल्यावर गाडी एका रिकाम्या रस्त्यावर थांबवली. दार आतून उघडत नव्हतं. मी पैसे दिले. मग इथे आणलं."

मावशीच्या कानावर सहाही वाक्यं गेली. दाराचं वाक्य तिथेच अडकलं. तिने साखऱ्याकडे पाहिलं. तो काचेतून हसत होता, मान किंचित वाकडी करून, नेहमीसारखा.

"काय रे," ती म्हणाली, "या म्हणतायत लांबून आणलंस आणि जास्त घेतलेस."

एवढंच. दाराचं तिने विचारलंच नाही.

"देतो परत," साखऱ्या म्हणाला.

दोन शब्द. त्याने खिशातून नोटा काढून फळीवर ठेवल्या. बाईने नोटांना हात लावला नाही. ती मावशीकडे बघत राहिली. तिला उत्तर हवं होतं, आणि उत्तर कशाचं हवं होतं ते मावशीला ठाऊक होतं.

मग मावशी बोलली. "ते म्हणतात, फार वाईट वाटतं. रस्ता चुकला, तुम्हाला त्रास झाला. आणि दाराचं हँडल जुनं झालंय, दुरुस्तीला टाकायचंय, म्हणून अडकतं. घाबरवायचं मनात नव्हतं."

बाईने साखऱ्याकडे पाहिलं. पुन्हा मावशीकडे. मग नोटा उचलल्या, पर्समध्ये घातल्या, म्हणाली, "आभारी आहे," आणि काचेच्या मोठ्या दरवाजातून आत गेली. मावशीने वहीत लिहिलं: भाड्याचा वाद. आपसात मिटला. पांढरा फॉर्मसुद्धा लागला नाही.

साखऱ्या निघताना तिने त्याला दम दिला. "मेल्या, ते मागचं दार बघ आधी! बाई घाबरली होती. मी आपलं सांगितलं तिला, हँडल जुनं झालंय, दुरुस्तीला टाकायचंय म्हणून."

साखऱ्या क्षणभर थबकला. मग हसला. "तू आहेस म्हणून, मावशी."

*

तीन महिन्यांनी सकाळी दहाच्या सुमाराला तिला मागच्या खोलीत बोलावणं आलं. खोलीत टेबलामागे पोलीस साहेब. भिंतीशी साखऱ्या, हात पाठीमागे. खुर्चीवर बावीस-तेवीस वर्षांची एक परदेशी मुलगी, डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर, हनुवटीवर खरचटल्याची वाळलेली खपली.

"मावशी, बसा," साहेब म्हणाले. "शब्दाला शब्द सांगा. हे लिहून जाणार आहे."

मुलगी बोलू लागली. टॅक्सीत बसली. शहराकडे न जाता गाडी गोदामांच्या बाजूला वळली. त्याने तिप्पट भाडं मागितलं. तिने फोन काढला, तर फोन घेऊन पुढच्या सीटवर टाकला. पैसे दिलेस की दार उघडेन, असं खुणांनी सांगितलं.

"दार आतून उघडत नव्हतं," मुलगी म्हणाली. "मी दोन्ही दारं ओढून बघितली. मग रेल्वेच्या फाटकापाशी गाडी हळू झाली तेव्हा खिडकीतून बाहेर पडले."

मावशीने शब्दाला शब्द सांगितलं. आपलाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटत होता. तेच दाराचं वाक्य. जणू तीन महिने काचेबाहेर ताटकळत उभं होतं आणि आता आत आलं होतं.

"बोल," साहेब साखऱ्याला म्हणाले.

"साहेब, घाबरून उडी मारली हो तिने," साखऱ्या म्हणाला. आवाज अगदी मऊ. "दाराचं हँडल जुनं झालंय. दुरुस्तीला टाकायचंय, म्हणून अडकतं. घाबरवायचं मनात नव्हतं."

 मुलीने मावशीकडे पाहिलं, अर्थ कळायची वाट बघत.

"सांगा तिला," साहेब म्हणाले.

मावशीने तोंड उघडलं. ओठ नुसते हलले.

"मावशी?"

साखऱ्याही तिच्याकडे पाहत होता. मान किंचित वाकडी. 'सांग ना,' असं.

साहेबांनी तोवर तिची वही ओढून पानं उलटली. "याच्यावर आधीची एकच नोंद आहे. भाड्याचा वाद, आपसात मिटला. म्हणजे तसा स्वच्छ आहे. हँडल खराब असेल तर दंड होईल, फार तर."

"साहेब," मावशी म्हणाली, "ते वाक्य माझं आहे."

"कुठलं?"

"हँडलचं. त्याचं नाही ते. मी बनवलेलं."

"मावशी, काय बोलतेस तू?" साखऱ्या म्हणाला.

"तू गप्प बस!" ती ओरडली, आणि मग एकदम हळू झाली. "नोंद आहे त्या दिवशी एक बाई आली होती. तिनेही हेच सांगितलं होतं. दार आतून उघडत नव्हतं. मी ते याला विचारलंच नाही. हा 'देतो परत' एवढंच म्हणाला. बाकीचं मी माझ्या पदरचं घातलं. आणि नंतर यालाच सांगितलं, मी काय सांगितलं ते. शिकवल्यासारखं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "लाल फॉर्म भरायला हवा होता."

"हो."

"त्याच दिवशी गाडी थांबली असती."

"हो."

मुलगी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "काय चाललंय?" तिने विचारलं. "काय म्हणतायत?"

मग मावशीने तिला सगळं सांगितलं, तिच्या भाषेत, काही न गाळता. मुलगी ऐकत राहिली. शेवटी तिने प्लास्टरचा हात मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला.  भाषांतर करायला काही उरलं नव्हतं.

*

गाडी तपासली तेव्हा दोन्ही मागच्या दारांच्या हँडलमागची कडी मुद्दाम काढून टाकलेली निघाली. साखऱ्याचा बिल्ला गेला, खटला उभा राहिला. नेताना तो मावशीजवळ क्षणभर थांबला.

"एकवीस दिवस, मावशी," तो म्हणाला.

"मी पुढे बसायचे रे," ती म्हणाली. "एकदाही मागे बसले नाही."

खिडकी गेली. तिची बदली हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत झाली. छत्र्या, चष्मे, एक कवळीसुद्धा. साहेब चांगले होते, ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "मावशी, तुमच्या अकरा वर्षांच्या नोंदी आता कुणी खऱ्या मानायच्या?"  जुन्या वह्या मागून घेऊन ती दुपारच्या सुट्टीत चाळायची. आपसात मिटला. आपसात मिटला. पानामागून पान, तिचंच अक्षर, सुबक. कुणी काय म्हणालं होतं, ते कुठेच नव्हतं. काही चेहरे आठवायचे. हिरव्या स्वेटरचे एक आजोबा, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. काय सांगत होते? तिने तेव्हा काय पोचवलं होतं? आठवायचं नाही.

स्टँडवरून जाताना लांबू हाक मारायचा, पण पूर्वीसारखी नाही. "कशा आहात, मावशी?" म्हणायचा. अकरा वर्षं अगंतुगं करणारा माणूस.

टोपीवाल्या बाईचा पत्ता वहीत होता. मावशीने पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं, कारण प्रत्येक वेळी पत्र गोड व्हायचं. पाचव्या वेळी फक्त घडलं ते लिहिलं. मुलीच्या हाताचंही.

दीड महिन्याने उत्तर आलं. रविवारची सकाळ, लेक जमिनीवर बसून शेंगा सोलत होती. मावशीने उभ्यानेच पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"कुणाचं गं?" लेकीने विचारलं. तिला ती भाषा येत नव्हती.

"त्या बाईचं."

"काय म्हणतेय?"

"म्हणतेय..." मावशीने चष्मा कपाळावर सरकवला. "म्हणतेय, वाईट वाटून घेऊ नका, झालं ते..."

आणि ती थांबली. लेकीने शेंगा खाली ठेवल्या.

"आई," ती म्हणाली. "शिजवू नकोस. कच्चं दे."

मावशी स्टुलावर बसली. चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. बोट ओळीवर ठेवलं आणि पहिलीतल्या मुलीसारखी एकेक शब्द उचलत वाचू लागली.

"तो माणूस दोनच शब्द बोलला होता. तुम्ही बराच वेळ बोललात. मला तेव्हाच कळलं होतं, की ही माफी त्याची नाही. पण माझं विमान होतं, आणि तुमचा चेहरा दयाळू होता, आणि मला तिथून निघायचं होतं. म्हणून मी पैसे घेतले. मीही बोलायला हवं होतं. त्या मुलीचा हात कसा आहे ते कळवा. तुम्हाला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण ते माझ्या हातात नाही."



"एवढंच आहे?" लेकीने विचारलं.

मावशीने पान उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

"एवढंच आहे," ती म्हणाली. या वेळी खरंच एवढंच होतं.