हवेचा बोर्ड की कडक बोर्ड

गेल्या वर्षी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, माझ्या बायकोनं स्वतःचा बोर्ड घ्यायचं ठरवलं आणि तो कुठला घ्यायचा हे ठरवायचं काम मी अंगावर घेतलं. कुणी दिलं नव्हतं. पण सरकारी खरेदी विभागात तेहतीस वर्षं काढलेल्या माणसासमोर दोन वस्तू ठेवून त्याला गप्प बसायला सांगितलं तर ते होत नाही. आमच्या कार्यालयात साधी कपाटं घ्यायची तरी तुलनात्मक तक्ता होतो, त्यावर तीन सह्या होतात, आणि मग ती कपाटं चुकीच्या रंगाची येतात.

खेळाचं नाव विंग फॉइलिंग. मला ते पहिल्यांदा ऐकल्यावर औषधाचं नाव वाटलं होतं. पायाखाली बोर्ड असतो. बोर्डाच्या पोटाला एक उभा दांडा आणि त्याच्या टोकाला पाण्याखाली चालणारा छोटा पंख, त्याला फॉइल म्हणतात. हातात कापडाचा, हवा भरलेला मोठा पंख धरायचा. त्यात वारा शिरला की बोर्ड पळायला लागतो, आणि वेग आला की पाण्याखालचा पंख बोर्डाला माणसासकट उचलतो. मग माणूस पाण्याच्या दोन फूट वरून जातो आणि खाली फक्त तो दांडा पाणी कापत राहतो. वर असताना पाण्याचा आवाजच येत नाही, असं बायको सांगते.

ती मालवणजवळच्या किनाऱ्यावरची. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, पण घरातल्या मुलींनी घोट्याच्या वर पाणी येऊ द्यायचं नाही असा दंडक. लग्न होऊन दिल्लीला आली आणि सव्वीस वर्षं इथल्या शाळेत भूगोल शिकवला. वाऱ्यांच्या दिशा फळ्यावर बाण काढून शिकवल्या. मी मात्र पक्का दिल्लीकर. वडील नोकरीसाठी आले, मी करोलबागेत वाढलो, आता आम्ही गुरुग्रामला चौदाव्या मजल्यावर राहतो. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. समुद्राशी माझा संबंध शब्दांपुरता. उधाण मला माहीत होतं ते आनंदाला येणारं.

मुदतीआधीच निवृत्ती घेतल्यावर ती पंधरा दिवसांसाठी माहेरी भावाकडे गेली. तिथे जवळच पाण्यातल्या खेळांची एक शाळा निघाली होती. पंधरा दिवसांचे पस्तीस झाले. परत आली तेव्हा दोन्ही नडग्यांवर निळे-हिरवे डाग होते, नाकाची साल निघाली होती, आणि दारातच बॅग टाकून म्हणाली, "अहो, परवा मी सहा सेकंद वर होते."

"अच्छा," मी म्हटलं आणि गॅसवरचं दूध बघायला गेलो. सहा सेकंदांचं काय एवढं, असं मला खरोखर वाटलं होतं. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

पुढे ती वर्षभर जात राहिली. कधी दहा दिवस, कधी वीस. शाळेचे बोर्ड रोज वेगळे मिळतात, शरीराला सवय होत नाही, म्हणून स्वतःचा हवा. बोर्ड दोन जातींचे. एक हवा भरायचा. पंपानं फुगवला की दारासारखा टणक होतो, हवा काढली की गुंडाळून पाठीवरच्या पिशवीत जातो. दुसरा कडक, आत फोम आणि वर पातळ कवच. तो जसा आहे तसाच राहतो, दुमडत नाही.

मी तक्ता केला. वजन, वाहतूक, साठवण, दुरुस्ती, टिकाऊपणा, इजा होण्याची शक्यता, वगैरे अकरा रकाने. रात्रंदिवस व्हिडिओ बघितले. ज्याला पोहता येत नाही तो फॉइलच्या स्क्रूंबद्दल बोलायला लागला, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणंच. पण तक्ता झाला झकास. हवेचा बोर्ड विमानात नेता येतो, कडक बोर्ड विमानात नेताना विनवण्या कराव्या लागतात. हवेच्या बोर्डावर आपटलं तर बरगडी वाचते, कडक बोर्डावर आपटलं तर बोर्डाचीच सरशी. हवेचा फाटला तर ठिगळ लावता येतं, कडक बोर्डाला दगड लागला की कवच तडकतं, आत पाणी शिरतं, मग घासा, सुकवा, भरा. किंमत दोन्हींची जवळपास सारखी, त्यामुळे त्या रकान्याची मला काही मदत झाली नाही. अकरापैकी नऊ रकान्यांत हवेचा बोर्ड जिंकला.

बायकोनं तक्ता शांतपणे वाचला. "आणि पाण्यावर कसा चालतो, तो रकाना?"

"तो आहे की. नववा."

"सगळ्यात वर हवा होता ना तो."

खरं कारण अकरापैकी एकाही रकान्यात नव्हतं. कोकण किनाऱ्यावर दुपारचा वारा फेब्रुवारीपासून मेपर्यंत धरतो. हवेचा बोर्ड म्हणजे तो पिशवीत घालून ती जाणार आणि पिशवीबरोबर परत येणार. कडक बोर्ड दर वेळी आणणं-नेणं शक्य नाही, म्हणजे तो तिकडेच राहणार, आणि जिकडे बोर्ड तिकडे ती. चार महिने. माझी नोकरी अजून दोन वर्षं आहे. मला या घरात एकट्यानं राहायचं नव्हतं, आणि हे सांगायला जीभ रेटत नव्हती. म्हणून मी ठिगळं आणि वजनं सांगत होतो.

तिच्याच नादानं तिकडे जाऊन शिकलेली एक मुलगी आमच्याच सोसायटीत राहते. तिचा हवेचा बोर्ड मी आग्रह करून मागून आणला. हॉलमधलं टीपॉय बाजूला करून फुगवायला घेतला. पंपाचे पहिले शंभर दट्टे सोपे, पुढचे शंभर म्हणजे नाकी नऊ. त्यातल्या पन्नासएक दट्ट्यांनंतरच खांदे माझ्याशी बोलेनासे झाले. बायको सोफ्यावर बसून पेरू खात बघत होती.

"रोज किनाऱ्यावर हे कोण करणार?" तिनं विचारलं.

"व्यायाम होतो," मी धापा टाकत म्हणालो.

मग तो सोसायटीच्या तलावात तरंगवून बघू, असं मला सुचलं. फॉइल न लावता, नुसता. खाली गेलो तर तलावाचा रखवालदार आडवा आला. "सर, पूल में बोट अलाउड नहीं है."

"ये बोट नहीं है."

"तो क्या है?"

 टॉवेल गुंडाळलेल्या लोकांसमोरून तो फुगलेला बोर्ड काखेत मारून मी परत लिफ्टकडे आलो. लिफ्टमध्ये शिरल्यावर डोक्यात आलं की कडक बोर्ड इथे बसणारच नाही, म्हणजे प्रश्नच मिटला. घरून टेप आणली, लिफ्ट मोजली. कडक बोर्ड त्याच्या मापानं उभा आरामात बसला असता, वर वीतभर जागा उरली असती. मी फार निराश झालो. चौदाव्या मजल्यापर्यंत एक शेजारीण माझ्याकडे संशयानं बघत होती.

शेवटी मार्चमध्ये मी रजा टाकली आणि तिच्याबरोबर गेलो. तिचा शिक्षक पन्नाशीतला, तिथल्याच मासेमारी करणाऱ्या घरातला, कमी बोलणारा. तो म्हणाला, एकाच दुपारी दोन्ही बोर्ड चालवून बघा, मग बोला. वारा दोननंतर धरला. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर वही घेऊन बसलो.

आधी हवेचा. ती गुडघ्यांवर बसली, उभी राहिली, पंख वाऱ्याला दिला. बोर्ड पळायला लागला, पण पाणी त्याला सोडेना. दोनदा उचलला, दोनदा खाली आला. तिसऱ्यांदा वर गेला आणि डगमगत बराच गेला. मला तर छान वाटलं. मी वहीत तसं लिहिलंही.

"मॅडमना आता हा पुरत नाही," शिक्षक माझ्या शेजारी उभा राहून म्हणाला. "हा मधून थोडा वाकतो. पायानं सांगितलेलं खालच्या पंखाला उशिरा कळतं. शिकताना बरा, पडलं तर लागत नाही. पण त्यांचं आता शिकून झालं."

शिकून झालं, हे मला कुणी कळवलं नव्हतं.

मग कडक. तो आकारानं लहान, त्यामुळे सुरुवातीला ती दोनदा सरळ पाण्यात गेली. एकदा हनुवटीला बोर्डाची कड लागली आणि मी खुर्चीतून उठलो. तिनं हात हलवून बसा म्हणून खूण केली. तिसऱ्यांदा उभी राहिली, वारा घेतला, आणि चार-पाच हात अंतरातच बोर्ड पाण्यातून सुटला. पुन्हा टेकला नाही. ती किनाऱ्याला समांतर निघाली, गुडघे किंचित वाकवून, मान वर करून, आणि लहान होत गेली. मी चाललो तिच्या दिशेनं. बूट भिजल्यावर लक्षात आलं की आपण पाण्यात आहोत. मी घाबरलो होतो. ती पडेल म्हणून घाबरलो असतो तर मला समजलं असतं. ती पडत नव्हती म्हणून घाबरलो होतो. तीस वर्षांत मी तिला एवढी मोकळी कुठेच बघितली नव्हती. माझ्या घरात तर नाहीच.

ती वळली, आमच्यासमोर येऊन थांबली, पाण्यात बसली. केस चेहऱ्याला चिकटलेले, हनुवटीवर रक्ताचा थेंब. "बघितलंत?"

"बघितलं."

"मग सांगा. कुठला?"

मी म्हटलं, "हवेचा. घरी आणता येतो."

 "घरी आणून करू काय?" ती एवढंच म्हणाली आणि बोर्ड उचलून शिक्षकाकडे द्यायला गेली. त्यानंतर परतीच्या विमानात ती झोपली आणि मी सीटच्या खिशातली सूचनापत्रिका दोनदा वाचली.

आठ दिवसांनी, रविवारी सकाळी, गुरुग्रामला, नाश्त्याच्या टेबलावर तिनं सांगितलं, "कडक सांगितलाय. दादाकडेच ठेवणार. तो येईपर्यंत यंदाचा मोसम संपेल. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत जाईन ती मेअखेर येईन."

मी पराठा खाली ठेवला आणि सुरुवात केली. तिकडच्या उन्हानं कवच तापेल. खाऱ्या हवेनं स्क्रू गंजतील. दादाच्या अंगणात नारळ पडतात, एक नारळ पडला की बोर्डाचा निकाल लागला. तिनं सगळं ऐकून घेतलं, वर्गातल्या मुलाचं चुकलेलं उत्तर संपेपर्यंत ऐकावं तसं.

"झालं?"

"नाही झालं," मी म्हणालो. आवाज चढला होता, मग एकदम बसला. "चार महिने मी इथे एकटा काय करू? मला नाही राहायचं तुझ्याशिवाय. हे खरं आहे, बाकी सगळं मी बनवून सांगत होतो."

 मग माझ्या ताटलीतला पराठा तिनं उलटून पुन्हा माझ्यापुढे सरकवला. "हे गेल्या वर्षीच म्हणाला असतात तर तो पंप मारावा लागला नसता."

"मग? जाणार नाहीस?"

"जाणार. तुम्ही यायचं. शुक्रवारी गोव्यापर्यंत विमान, पुढे गाडी. रविवारी परत. सुट्टी जोडून मिळाली की जास्त राहायचं." ती अगदी साध्या आवाजात बोलत होती. "तीस वर्षं ये-जा मी केली. आता दोन वर्षं तुम्ही करा."

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट काहीतरी अडचण सांगायची म्हणून मी म्हटलं, "आणि दर वेळी हॉटेल?" मी तिकडे हॉटेलात उतरतो. जावयानं घरच्यांना त्रास देऊ नये, असं माझं तत्त्व आहे, आणि तिच्या माहेरच्यांनी ते कधी मोडायला लावलं नाही.

"हॉटेल कशाला? आपली खोली आहे की."

"आपली?"

"माडीवरची. आपलं लग्न ठरल्यावर दादानं बांधून घेतली. जावई दिल्लीचा, त्याला मोकळं लागेल म्हणून. त्या वर्षी स्वतःच्या होडीची डागडुजी पुढे ढकलली त्यानं. खिडकी समुद्राकडे काढलीय. मी गेले की उघडते, झाडते, येताना बंद करून येते." ती उठली आणि कप गोळा करायला लागली. "तुम्ही दोनदा झोपला आहात तिच्यात."

"काहीतरीच काय. दोनदाच कसं असेल?"

"मोजा," ती म्हणाली आणि कप घेऊन आत गेली.

मी मोजलं. पहिला दिवाळसण. मग सासूबाई गेल्या तेव्हा. मी टेबलाशी बराच वेळ बसून राहिलो, पण तिसरी वेळ काही आठवली नाही.