टाचणीबाईंच्या चादरी

टाचणीबाई घरात दारू गाळतात, ही बातमी पहिल्या मजल्यावरून निघाली आणि चौथ्यावर पोहोचेपर्यंत तिला गिऱ्हाइकंसुद्धा मिळाली होती. पुरावा भक्कम होता. दर पंधरवड्याला हॉटेलांना सामान पुरवणारा दुकानदार पाच लिटरचा एक पांढरा कॅन त्यांच्या दाराशी ठेवून जायचा. जिन्यात आंबूस वास दरवळायचा. आणि इतकी वर्षं सकाळ-संध्याकाळ दार सताड उघडं ठेवून शिवणयंत्र चालवणारी बाई हल्ली दार लोटून घेऊ लागली होती. आणखी काय पाहिजे?

शेवटी दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त कारकून, ज्यांना निवृत्तीनंतर सगळ्या इमारतीची फाईल आपल्याच टेबलावर आली आहे असं वाटतं, चौकशीला निघाले. सोबत एक पँट घेतली. पायाशी दोन बोटं आखूड करायची, एवढंच निमित्त. आत गेले तर मोरीत टब, टबात चादर, टबाशेजारी कॅन. कारकुनांनी झाकण उघडलं, नाक खुपसलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी काढत मागे सरकले.

"व्हिनेगर आहे ते," टाचणीबाई तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणाल्या. "देऊ का एक ग्लास?"

दारूची बातमी तिथेच मेली. पँट मात्र दोन बोटांऐवजी चार बोटं आखूड होऊन आली. चुकून झाली की मुद्दाम, हे कारकुनांना आजवर विचारवलेलं नाही.

टाचणीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. छप्पन्न वर्षांच्या आयुष्यातली चाळीस वर्षं तोंडात टाचण्या धरून कपडे शिवले. त्यामुळे बोलणं कमी, आणि बोलल्या की टोचणारं. नाव चिकटलं ते चिकटलंच. आता नवे कपडे फारसे येत नाहीत. चेन बदलणं, फॉल लावणं, उसवलेलं सांधणं, यावर घर चालतं. घरात माणसं दोन. त्या स्वतः, आणि खिडकीजवळच्या पलंगावर त्यांची थोरली बहीण, जिच्या आडोशासाठी हल्ली दार लोटलेलं असतं.

ताईंना दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि डावी बाजू गेली. बोलणंही गेल्यातच जमा. दिवसाकाठी पाच-सात शब्द उमटतात आणि त्यातला निम्मा साठा त्या टाचणीबाईंना नावं ठेवण्यात खर्च करतात. डोकं मात्र लख्ख. झोपून झोपून कातडी इतकी पातळ झाली की चादरीची सुरकुती पाठीवर तासभर छापलेली राहायची. नर्सबाई आठवड्यातून दोनदा येतात. त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं, "पाठीला जखम होऊ देऊ नका. एकदा उघडली की बंद होताना जीव काढते. आणि डाव्या बाजूला त्यांना कळणारही नाही. तुम्हालाच कळलं पाहिजे."

त्या दिवसापासून टाचणीबाईंचं चादरींशी भांडण सुरू झालं. इमारतीला पाणी बोअरचं. त्यात चहाचं पातेलं महिन्याभरात आतून पांढरं होतं, मग कपड्यांचं काय सांगावं! दोरीवरून काढलेली चादर हातात धरली तर आपली आपण उभी राहील, अशी. आधी त्यांनी दुकानातलं कपडे मऊ करायचं औषध आणलं. निळ्या बाटलीतलं, फुलांच्या वासाचं. खिशाला परवडत नव्हतं तरी आणलं. ताई सकाळपासून शिंकत राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी मानेवर पुरळ उठलं.

मग टाचणीबाईंनी स्वतःच प्रयोग मांडले. धुण्याची पावडर निम्मी केली, कारण उरलेली पावडरच सुतात बसून कापड ताठ करते हे त्यांना शिवणकामामुळे ठाऊक होतं. शेवटच्या खळबळायच्या बादलीत अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर. चादर वाळली की वास उडून जातो, उरतो तो जिन्यात. पिळायची हलक्या हातानं, चार वेळा सपकन झटकायची, उन्हाऐवजी वाऱ्याला टाकायची. आणि थोडी दमट असतानाच काढून खुर्चीच्या पाठीवर मागे-पुढे ओढायची, जसं कोणी पाठ चोळून द्यावी. मऊपणा तपासायचा तो बोटांनी नाही. सुया टोचून टोचून त्यांची बोटं कधीच मुकी झाली होती. त्या डोळे मिटून चादरीचं टोक पापणीवरून फिरवायच्या. पापणीला टोचलं की चादर परत टबात.

सव्वा वर्ष ताईंच्या पाठीवर साधा लाल डागही नव्हता. नर्सबाई दुसऱ्या घरांतल्या मुलींना सांगायच्या, "जा, त्या शिवणवाल्या बाईंची चादर बघून या."  त्या दिवशी टाचणीबाई टाचण्या जरा ऐटीत धरायच्या.

माणसाला थोडं यश मिळालं की त्याला आणखी थोडं हवं असतं. टाचणीबाईंना चादर आणखी मऊ हवी होती.

तळमजल्यावरची पार्लरवाली एका दुपारी ब्लाउज घ्यायला आली. चादर चाचपून म्हणाली, "मावशी, एवढी मेहनत कशाला करता? केसांना लावतो ना ते कंडिशनर, ते घाला दोन चमचे कोमट पाण्यात. रेशीम होईल रेशीम. माझ्याकडे मोठ्या बरणीत तळाशी उरलेलं असतं, फेकूनच देते मी. घेऊन जा."

फुकट आणि रेशीम, दोन्ही एकदम. कोणाचं मन चळणार नाही? टाचणीबाईंनी कंडिशनर आणलं. दोन चमच्यांचे चार केले, कारण पाणी जड होतं. चादर वाळली आणि त्यांनी पापणीवरून फिरवली. काही लागलंच नाही. जणू पापणीवर काही नव्हतंच. त्या दिवशी त्यांनी घरातल्या सगळ्या चादरी, उशांचे अभ्रे, ताईंचे गाऊन, सगळं त्या पाण्यातून काढलं.

जेवताना ताईंच्या पाठीमागे उशा रचून त्यांना टेकवून बसवावं लागतं. त्या दिवशी ताईंना बसवलं की त्या हळूहळू खाली यायला लागल्या. टाचणीबाईंनी त्यांना वर ओढलं, त्या पुन्हा खाली. तिसऱ्यांदा ताईंनी तोंडाचा चांगला कोपरा वर उचलला आणि एकेक अक्षर जुळवत म्हणाल्या,

"घ... घसर... गुंडी."

टाचणीबाई हसल्या. इतक्या हसल्या की टाचण्या काढून ठेवाव्या लागल्या. ताईंनी गेल्या दोन वर्षांत एवढा मोठा शब्द काढला नव्हता. दुसऱ्या दिवशी जेवताना पुन्हा तेच, पुन्हा हसू. चांगले आठ दिवस त्या घरात घसरगुंडी चालली होती.

नवव्या दिवशी नर्सबाईंनी ताईंना कुशीवर वळवलं आणि त्या पाठीवर वाकल्या. माकडहाडाशी, डाव्या बाजूला, बंद्या रुपयाएवढी कातडी गेली होती. भोवताली लाल. चार दिवसांपूर्वीच्या खेपेला तिथे काही नव्हतं.

"काही बदललंत का?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," टाचणीबाई म्हणाल्या. तेव्हा त्यांना तसंच वाटत होतं. चादर तर पूर्वीपेक्षा मऊ होती.

नर्सबाईंनी जखम धुवायला घेतली. वाटीतलं थोडं पाणी चादरीवर सांडलं. नर्सबाईंचं लक्ष जखमेकडे होतं. टाचणीबाईंचं त्या पाण्याकडे गेलं. पाणी मुरलं नाही. काचेचा मणी असावा तसं चादरीवर उभं राहिलं, थरथरलं आणि ताईंच्या अंगाकडे ओघळत गेलं.

चाळीस वर्षं कापड हाताळलेल्या बाईला याहून जास्त काही सांगावं लागत नाही. सुतावर कशाचा तरी थर बसला होता. घाम मुरत नव्हता, अंगालाच चिकटून राहत होता. टाचणीबाईंनी पदरानं ते पाणी टिपून घेतलं. नर्सबाई पट्टी बांधून गेल्या.

दुपारी त्यांनी ताईंना चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः पलंगावर चढल्या. ताईंच्या जागी, ताईंच्याच उशा पाठीशी लावून बसल्या. पाय सैल सोडले, हात टेकवले नाहीत, कारण ताईंना टेकवता येत नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या. चार मिनिटांत त्या वीतभर खाली आल्या होत्या. आणि खाली येताना चादर नाही, माकडहाडावरची कातडी ओढली जात होती. त्यांना ते कळत होतं, दुखत होतं. ताईंना आठ दिवस कळलं नव्हतं. कळलं होतं तेवढं त्यांनी सांगितलं होतं, आणि बहीण हसली होती.

खुर्चीतून ताई बघत होत्या. "घसर..." त्यांनी सुरुवात केली.

"नको गं," टाचणीबाई म्हणाल्या. "नको बोलूस."

त्या संध्याकाळपर्यंत सगळ्या चादरी, अभ्रे, गाऊन खाली उतरले. उकळतं पाणी, धुण्याचा सोडा, एकदा, दोनदा. प्रत्येक चादरीवर थेंब टाकून बघायचा. थेंब उभा राहिला की पुन्हा सोडा. तिसऱ्या खेपेला थेंब पडल्या पडल्या दिसेनासा झाला, तेव्हा कुठे चादर व्हिनेगरच्या बादलीत गेली. हातांची सालं निघाली. यंत्रावर आठवडाभर कोणाची चेन बसली नाही आणि गिऱ्हाइकं जिन्यात उभी राहून बोटं मोडत परत गेली.

जखमेचं कळलं तसा दोघींचा धाकटा भाऊ रविवारी आला. कारकुनांच्या सांगण्याप्रमाणे तो आधी पंधरा मिनिटं जिन्यातच बसून होता आणि मग वर गेला. कारकुनांनी मोजलं असणार, त्यांना दुसरं काम नाही. भाऊ वाईट माणूस नव्हे. नर्सबाईंचा खर्च तोच करतो, आणि कामावर फोन वाजला की आधी त्याच्या तोंडचं पाणी पळतं. पण या वेळी त्याच्या खिशात एक अर्ज होता. गावाबाहेर आजारी माणसांना सांभाळणारी एक संस्था होती, तिथे खिडकीजवळची जागा रिकामी झाली होती. मोठ्या ताईचा अंगठा हवा होता फक्त.

"छोटी ताई, मी तुला दोष देत नाही," तो म्हणाला. "पण तू एकटी किती करशील? हे बघ." त्यानं मोबाईल पुढे केला. स्वच्छ खोली, रांगेत पलंग, पांढऱ्याशुभ्र चादरी. टाचणीबाईंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. भावाला वाटलं खोली बघतेय. त्या चादरीची घडी बघत होत्या. घडी सुरीसारखी उभी होती.

पलंगावर ताईंनी डोळे मिटून घेतले होते. झोपल्या नव्हत्या. झोपल्या की त्यांचं तोंड उघडं पडतं.

नर्सबाईही तेव्हाच आल्या होत्या. पट्टी सोडता सोडता भावाला सांगू लागल्या, "मला वाटतं गादीच बसलीय. नवी घ्यावी लागेल. नाहीतर इतके दिवस काही नाही आणि आत्ताच कसं?"

"गादी काय, घरच अपुरं आहे," भाऊ म्हणाला. "तिथे सगळं असतं."

इथे टाचणीबाईंना नुसतं गप्प राहायचं होतं. नवी गादी आली असती, जखम भरली असती आणि कोणाला काही कळलं नसतं. भाऊसुद्धा कदाचित गादीवर समाधान मानून परत गेला असता. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून एकेक करून टाचण्यांच्या उशीत खोचल्या.

"गादी चांगली आहे," त्या म्हणाल्या. "मी चादरींना कंडिशनर लावलं होतं, केसांचं. त्यावरून ती घसरत होती. तिनं सांगितलं, मला थट्टा वाटली. आठ दिवस."

 नर्सबाईंनी चादरीवर तळवा घासला. बाटलीतला थेंब टाकून पाहिला. थेंब मुरला.

"आता काढलंय सगळं?"

"तीनदा सोड्यात उकळून."

"सांगितलंत ते बरं केलंत, नाहीतर मी भलतंच करत बसले असते. वरवरची आहे जखम, कडाही आत यायला लागल्यात. घसरणं आणि ओल थांबली तर दोन-तीन आठवड्यांत मिटेल. तोवर उशा कमी, आणि दर दोन तासांनी कूस. राहायचं कुठे, ते तुम्ही घरचे ठरवा. मी त्यात पडत नाही."

"ऐकलंस?" भावाचा आवाज चढला होता, पण राग कमी आणि भीती जास्त होती त्यात. "तुझ्याच हातून झालं. तूच सांगतेस. मग मी कशाच्या भरवशावर तिला इथे ठेवू? आज कंडिशनर, उद्या आणखी काहीतरी. पार्लरमधून शिकून येतेस आणि तिच्यावर करून बघतेस?"

टाचणीबाईंनी ऐकून घेतलं. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता, त्यामुळे टोचायलाही जागा नव्हती. ताईंनी डोळे उघडले होते. उजवा हात चादरीवरून सरकत सरकत आला आणि त्यांनी टाचणीबाईंच्या पदराचं टोक मुठीत धरलं. धरलं ते सोडेनात.

भावानं ते पाहिलं. अर्ज त्यानं पुन्हा घडी करून खिशात ठेवला. फाडला नाही. दाराशी जाऊन चप्पल घातली, आणि तिथूनच, मागे न वळता म्हणाला,

"आणि पुन्हा चुकलीस तर?"

"चुकले तर मी तुला सांगेन. तिथे कोण सांगेल, तेवढं विचारून ये."