फिरंगी चौकीवरचा भोंगा

हे लिहावं की नाही, या विचारात मी बरेच दिवस घातले. आमच्या घरात भुताखेतांना थारा नव्हता. वडील शिरपूरकडच्या आठवडी बाजारांत बुवाबाजीविरुद्धची पत्रकं वाटायचे. उरलेली पत्रकं घरी यायची आणि त्यांवरच मी वाचायला शिकलो. आजही कुणी "बाहेरचं काहीतरी झालं" म्हणालं की माझं डोकं तापतं. माणसं भुतानं मरत नाहीत, दुसऱ्याच्या बेपर्वाईनं मरतात. हे माझं मत होतं आणि आहे. तरीही खाली लिहिलंय ते भर दुपारी, मी पूर्ण शुद्धीत असताना घडलं...

मी सिल्वासाजवळ नरोलीत भाड्याच्या खोलीत राहतो, यार्नच्या कारखान्यात काम करतो. मावसभाऊ गोपाळ माझ्याच खोलीत असायचा. तो दुसऱ्या एका कारखान्यात होता. नाव लिहीत नाही. तिथे गेल्या पावसाळ्यानंतर आग लागली. गोपाळचा कामातला जोडीदार रवींद्र, आमचा रव्या, बॉयलरशेजारच्या खोलीत एकटा होता. मशीनच्या आवाजात त्याला बाहेरचा आरडाओरडा ऐकूच आला नाही. आगीचा भोंगा वाजला असता तर तो निघाला असता. पण भोंगा कित्येक महिने बंद होता, आणि सांगून सांगून कामगार थकले होते. गोपाळ आत धावला, पण दोघातिघांनी त्याला कमरेला धरून मागे ओढलं. तो त्या खोलीच्या दारापर्यंत पोचलाच नाही.

कंपनीनं चौकशीत लिहून दिलं — भोंगा वाजला होता, मयतानं दुर्लक्ष केलं. म्हणजे मेला तोच दोषी! बाकीचे कामगार एक तर गावी निघून गेले, नाही तर गप्प बसले. उरला एकटा गोपाळ. "भोंगा वाजला नाही" एवढं त्याचं एक वाक्य हवं होतं. रव्याची बायको मनीषावहिनी त्या एका वाक्यावर डोळे लावून बसली होती.

पण गोपाळचं खाणं तुटलं होतं, झोप उडाली होती. म्हणून सुट्टीच्या दिवशी मी त्याला डोंगरात नेऊ लागलो. हा माझा जुना नाद. खानवेलच्या पुढे सागाच्या जंगलातून बुटके डोंगर उठतात. त्यांच्या माथ्यांवर काहीबाही सापडतं — कुठे झिजलेला हद्दीचा दगड, कुठे चौथरा, कुठे पोर्तुगीजांच्या वेळची पडकी चौकी. पायथ्याला रिसॉर्टच्या पाट्या झळकतात, या दगडांना मात्र कुणी विचारत नाही. मी फोटो काढतो, माहिती लिहून टाकतो. ज्यांच्या पूर्वजांनी वेठबिगारीत हे दगड वर वाहिले, त्यांचा तो इतिहास आहे.

त्या दिवशी आम्ही 'फिरंगी चौकी' म्हणतात त्या डोंगरावर निघालो. पाड्यातल्या शेवटच्या घरी पाणी मागितलं. घरातली मावशी हसायला लागली.

"वर काय ठेवलंय? ना चहा, ना टॉवर!"

"टॉवर नाही म्हणूनच चाललोय मावशी," गोपाळ म्हणाला. "सुपरवायझरचा फोन नको."

कितीतरी आठवड्यांनी तो असा बोलला होता. मला बरं वाटलं. चढताना मी विषय काढलाच.

"परवा जबाब आहे. नीट बोलशील ना? घाबरू नको त्या कंपनीच्या वकिलाला."

"तू माले नको शिकाडू, भो," तो आमच्या अहिराणीत म्हणाला. "जे आयकं तेच सांगसू."

माथ्यावर पोचलो. चौकी म्हणजे चार भिंती, छप्पर नाही, दाराच्या जागी नुसतं भगदाड. चौकट नाही, कडी नाही, लोखंडाचा तुकडा नाही. हे मी ठामपणे सांगतो, कारण मी आत जाऊन चारही बाजूंचे फोटो काढले होते. हवा गार होती. खाली धरणाचं पाणी चकाकत होतं. आम्ही बाहेर दगडावर बसून भाकरीचं फडकं सोडलं.

आणि भोंगा वाजला.

आधी खालच्या सुरात, घसा साफ केल्यासारखा. मग चढत गेला, खाली आला, पुन्हा चढला... आगीचा भोंगा असा वाजतो, हे कुठल्याही कामगाराला सांगावं लागत नाही. कारखाने आहेत त्या सिल्वासाच्या दिशेला मी पाहिलं. पण आवाज तिकडून येत नव्हता. तो आमच्या पाठीमागून, त्या चार भिंतींच्या आतून येत होता.

गोपाळ उठला. "आयक! आमना भोंगा वाजी ऱ्हायना! रव्या मझार शे!" रव्या आत आहे, असं ओरडत तो धावला. भगदाडापाशी थांबून त्यानं समोरच्या मोकळ्या हवेत दोन्ही हातांनी काहीतरी पकडलं आणि सगळा जीव लावून ओढायला लागला. मी त्याच्या कमरेला मिठी मारली. मी ओढत होतो आणि तो सुटत नव्हता... तो खरोखर कशाला तरी धरून होता. मग एकदम सुटला. आम्ही दोघं मागे पडलो, आणि भोंगा थांबला.

गोपाळ शांतपणे आपले तळवे पाहत होता. दोन्ही तळव्यांवर आडवे, टरारून आलेले फोड होते.

सिल्वासाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कोणत्या मशीनवर भाजलं?" मी म्हणालो, दगडाला घासलं. ते म्हणाले, "घासलेलं आणि भाजलेलं मला कळतं."

नंतर मी जे शोधता येईल ते शोधलं. धरणाचं पाणी सोडताना भोंगा देतात, म्हणून धरणाखालच्या गावात जाऊन विचारलं. त्या दिवशी पाणी सोडलंच नव्हतं. पाड्यातल्या मावशीनं काहीच ऐकलं नव्हतं. मनाचा धक्का म्हणाल, तर तो गोपाळला बसला होता. मी त्याच्या कारखान्यात कधी पाऊल ठेवलेलं नाही. मग मी काय ऐकलं?

चौकशीच्या दिवशी गोपाळ बँडेज बांधलेले हात मांडीवर ठेवून बसला. चौकशीच्या साहेबांनी विचारलं, "भोंगा वाजला होता का?"

"वाजला होता, साहेब," तो म्हणाला. "मी माझ्या कानांनी ऐकला."

कंपनीच्या वकिलानं पुढचा प्रश्नच विचारला नाही. फाइल मिटली. त्याला कुणी दमदाटी केली नव्हती, कुणी विकत घेतलं नव्हतं. गोपाळ खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोक्यात आता तो भोंगा कारखान्यातच वाजलेला आहे. उठून "हा चुकतोय" म्हणायचं, तर पुढचं काय सांगणार होतो मी? डोंगरावरच्या चौकीचं? मी, जो असल्या गोष्टी सांगणाऱ्यांशी आयुष्यभर भांडलो? मी बसून राहिलो. गोपाळ त्याच संध्याकाळी गावी गेला.

बाहेर मनीषावहिनी झाडाखाली उभी होती. रडत नव्हती.

"भाऊ, तुम्ही तरी खरं सांगा. वाजला होता का?"

"नाही वहिनी. कारखान्यात नाही वाजला."

"मग कुठं वाजला?"

मी वकील, अपील असलं काहीतरी बोलू लागलो. मीही कंपनीकडचाच, असं समजून ती निघून गेली.