अर्जातला एक रकाना

आमच्या वसईच्या वाडीत विड्याची पानं व्हायची. टोपली भरताना बाकीचे लोक मोठी, तजेलदार पानं वर लावत आणि फाटकी खाली दडपत. माझी ताई तसं कधी करायची नाही. फाटकं पान वरच ठेवायची, घेणाऱ्याला दिसू दे म्हणायची. मी तिला भोळी समजायचो. मी कॉलेजात जात होतो ना, सगळी अक्कल माझ्याकडेच!

ते कॉलेजही तिच्याच जिवावर. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा वाडी तिने अंगावर घेतली. पुढे पोस्टाने बी. ए. करता येतं असं कळलं आणि तिने नाव घातलं. पाकिटातून सायक्लोस्टाइल केलेल्या नोट्स यायच्या, शाई पसरलेली, कधी अकराव्या पानानंतर थेट चौदावं. उत्तरं लिहून पाठवली की तीन महिन्यांनी परत, कोपऱ्यात एकच शब्द, 'ठीक'. शिकवणारं माणूस असं कुणी नव्हतंच. मग ताई पानं खुडता खुडता आईलाच इतिहास शिकवायची. आई मध्येच अडवून विचारायची, मग त्या राजाने असं का केलं? उत्तर आलं नाही की ताई वाचनालयात जाऊन शोधून आणायची. आईला समजलं की धडा झाला.

मला हा पोरखेळ वाटायचा. मित्रांनी विचारलं तर ताई घरीच असते, असं सांगून मी विषय बदलायचो.

पदवी मिळाल्यावर ती विरारच्या एका शाळेत तात्पुरती शिक्षिका म्हणून लागली. इतरांनी ज्यांच्यावर पाणी सोडलं होतं ती मुलं तिच्या विषयात पास व्हायला लागली. अर्नाळ्याहून येणाऱ्या कोळ्यांच्या मुली तिला खुशाल म्हणायच्या, बाई, पुन्हा सांगा. ती पुन्हा सांगायची. आईला सांगून सांगून सवयच झाली होती तिला. दोन वर्षांनी तीच जागा कायम करायची ठरली आणि अर्ज मागवले. ताईला ती जागा फार हवी होती. कधी कशासाठी नवस न बोलणारी ती, त्या आठवड्यात बोलली.

अर्ज इंग्रजीत होता, म्हणून मी भरायला बसलो. एका रकान्यात कॉलेजचं नाव विचारलं होतं. 'पोस्टाने' असं लिहायला माझा हात धजेना. पदवीच्या कागदावर नुसतं विद्यापीठाचंच नाव होतं, कोण तपासणार? मी माझ्या कॉलेजचं नाव ठोकून दिलं. ताई पानं धूत होती. तिने हात पदराला पुसले आणि न वाचता सही केली.

मुलाखतीत काय झालं ते मला त्याच दिवशी, ताई घरी यायच्या आधी, शाळेच्या कारकुनाने सांगितलं. समितीतले एक गृहस्थ माझ्याच कॉलेजचे निघाले. त्यांनी आपुलकीने विचारलं, इतिहासाला कोण होतं तुम्हाला? ताईने अर्ज मागून घेतला, तो रकाना पाहिला आणि सांगितलं की मी पोस्टाने शिकले. अध्यक्ष म्हणाले, "पोस्टाची पदवी आम्हाला चालली असती, बाई. तुमचं काम आम्ही पाहिलंय. पण हे खोटं कसं चालवून घ्यायचं?"

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे शहाणा मी होतो आणि रिकाम्या हाताने परतली ती.

ती घरी आली. साडी बदलून वाडीत गेली. मी मागोमाग गेलो. अर्ज भावाने भरला हे का नाही सांगितलंस, असं मीच तिच्यावर चिडून विचारलं.

"सही माझी होती," ती म्हणाली. आणि पानं खुडू लागली. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "तुला माझी एवढी लाज वाटायची?"

मला 'नाही' म्हणता आलं नाही. तिने टोपली माझ्याकडे सरकवली, आणि आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत पानं लावत बसलो.