बाकं काढली त्याची गोष्ट

मरोळच्या आमच्या शाळेत दिवाळीच्या सुट्टीनंतर मोठ्या बाईंनी वर्गातली बाकं काढायला लावली. मुलं आता सतरंजीवर गोल बसतील, कुणी पुढचं नाही, कुणी मागचं नाही, असं त्या कुठल्याशा प्रशिक्षणात शिकून आल्या होत्या. माझं डोकंच फिरलं. चोवीस वर्षं बाकांच्या रांगांवरून नजर फिरवून कोण काय लपवतंय ते मी ओळखत आले. गोलात नेमके कुणावर डोळे वटारायचे?

चौथीच्या पोरांनी दहा मिनिटांत गोलालाही मागची बाजू शोधून काढली. शेवटच्या बाकावरची टोळी दाराशी जमली, पहिल्या बाकावरच्या हुशार मुली फळ्याखाली. मला मनातून फार आनंद झाला.

पण नव्या नियमाने मलाही खाली बसायचं होतं. नेहमीप्रमाणे फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात गृहपाठ लिहिला आणि गुडघ्यांना विनवण्या करत खिडकीजवळ टेकले. शेजारी जी मुलगी होती, तिचं बाकही तिथेच असायचं. तिचा गृहपाठ कधीच पुरा नसायचा. फळ्यावरचं दिसत नाही म्हणायची. डोळे तपासून झाले, चष्मा लागला नाही, तेव्हा मी तिला आळशी ठरवून टाकलं. शेजारणीच्या वहीत बघायलाही बंदी केली. जूनपासून रोज मधल्या सुट्टीत तिला वर्गात बसवून राहिलेला गृहपाठ करून घेत होते.

मी वर पाहिलं. खिडकीतल्या उजेडाने फळ्याचा तो कोपरा नुसता चकाकत होता. एक अक्षर दिसेल तर शपथ.

"तुला रोज असंच दिसायचं का गं?"

"हो बाई. मी सांगितलं होतं ना."

मला भयंकर लाज वाटली. सगळ्या वर्गासमोर मी तिची माफी मागितली. तिने थोडा विचार केला.

"मग आज खेळायला जाऊ?"

गेली. पण लंगडीचे संघ जूनमध्येच ठरले होते, तिला कुणी घेईना. शेवटी मी खाली उतरले आणि एका संघाला तिला घ्यायला लावलं. त्यांच्यात एक जास्त झाली म्हणून भांडण पेटलं, तेव्हा समोरच्या संघाने नाइलाजाने मला घेतलं. तिची लंगडी घालायची पाळी आली. मैदानातल्या बाकी सगळ्यांना सोडून तिने आधी मला गाठलं आणि पाठीत सणसणीत थाप घातली.