खांबाला सांग

रुगुनची आई आमच्या चर्चच्या मंडळीची सिंतुआ, म्हणजे प्रार्थना चालवणारी ज्येष्ठ सेविका. काळा झगा घालून ती वेदीपुढे उभी राहिली की आमच्या सुमात्रातल्या तोबा सरोवरावरचा वारासुद्धा दबकून वाहतो, असं तिचा नवरा म्हणतो. अर्थात तिच्यामागे म्हणतो. एरवी ती कांद्याच्या वाफ्यात असते.

सत्ताधाऱ्यांसाठी प्रार्थना करायचं काम तिच्याकडे. राष्ट्रपतींपासून सुरू करून गव्हर्नर, जिल्हाप्रमुख अशी पायरी पायरी उतरत ती गावप्रमुखापर्यंत येते. पूर्वी हे दोन वाक्यांत उरके. यंदा आमानी तोहाप गावप्रमुख झाला आणि पंचाईत झाली. तो तिच्या नणंदेचा नवरा. आम्हा बाताक लोकांत या दोघांनी एकमेकांशी थेट एक शब्द बोलायचा नाही. बोलणं भागच असेल तर मध्ये तिसरं माणूस हवं. तेही नसेल तर खांबाला सांगायचं आणि ज्याच्यासाठी आहे त्यानं ऐकायचं.

त्यात दरड कोसळली आणि डोंगरावरून येणारा पाण्याचा पाईप फुटला. बायका सरोवरातून बादल्या वाहू लागल्या. गावप्रमुखाला जाब विचारायचा तरी कसा? रुगुनच्या आईला खांबापेक्षा सोयीचा मध्यस्थ सापडला.

"हे प्रभू," ती डोळे मिटून म्हणाली, "तिसऱ्या बाकावर बसलेल्या आमच्या गावप्रमुखाला सुबुद्धी दे. नवे बूट दिलेस, आता त्या बुटांना डोंगराची वाटही दाखव. आमच्या बादल्या त्याला स्वप्नात दिसू देत."

मी चर्चमध्ये पेटी वाजवतो, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे मला दिसतात. अख्खी मंडळी डोळे मिटून हसत होती. पुढं पुढं तर लोक उपदेशापेक्षा या प्रार्थनेसाठीच येऊ लागले.

पाळकांनी तिला बाजूला घेतलं. "इनांग," म्हणजे आई, असं आदरानं हाक मारून ते म्हणाले, "बायबलात पौलानं अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा म्हटलंय. त्यांची बिनपाण्यानं करा असं नाही."

"बिनपाण्यानंच करावी लागणार. पाणी आहे कुठं?" ती म्हणाली. "आणि मी त्याला कुठं बोलले? मी देवाशी बोलले."

मग तिसऱ्या बाकावरची ती जागा रिकामी दिसू लागली.

एका संध्याकाळी मी तिच्या ओसरीवर कॉफी पीत बसलो होतो, तेव्हा आमानी तोहाप आला. पायरीखालीच थांबला. तिनं रीतीप्रमाणे पाठ फिरवली. तो खांबाकडे तोंड करून बोलू लागला.

"खांबा, इनांगला सांग, पाईपसाठी मी दर आठवड्याला जिल्हा कचेरीत जातो. बाकावर बसवून ठेवतात आणि संध्याकाळी म्हणतात, पुन्हा या. बूट त्याचसाठी घेतले. चपला बघून दारातच अडवायचे." तो जरा थांबला. "अख्खी मंडळी हात जोडून माझ्या नावानं बोटं मोडते. माझ्यासाठी कुणीच हात जोडत नाही, एवढं सांग."

तो गेला. रुगुनची आई वळून खांबापाशी आली.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?" ती खांबाला म्हणाली, आणि डोळे पुसत आत गेली.

रविवारी तो आला. बायकोनं ओढून आणला असावा. तिसऱ्या बाकावर मान खाली घालून बसला. राष्ट्रपती झाले, गव्हर्नर झाले, जिल्हाप्रमुख झाले. मग ती अडखळली. तिला अडखळताना मी प्रथमच पाहिलं. लोक हसायच्या तयारीत होते.

"प्रभू, आमच्या गावप्रमुखाला त्या कचेरीतल्या बाकावर एकटं बसवू नकोस," ती म्हणाली. "उद्या मी सोबत जाते. मध्ये बसायला माझ्या नवऱ्याला धाड. तो कांद्याचं निमित्त सांगेल, ते ऐकू नकोस."

कुणी हसायच्या आत तिसऱ्या बाकावरून आवाज आला. घोगरा होता, पण पार दारापर्यंत ऐकू गेला.

"आमेन."

इतक्या वर्षांत तिच्या बोलण्याला त्यानं दिलेलं हे पहिलं थेट उत्तर, आणि रीत कुठंच मोडली नव्हती.